डावा मागचा पाय

नीरेकाठच्या अश्वगतिशास्त्र केंद्रातला चालपथ बरोबर साठ मीटर लांबीचा होता. त्याच्या एका टोकाला पांढऱ्या रंगाने एक चौकोन आखलेला होता, आणि गेली सव्वीस वर्षे त्या चौकोनात डॉ. रघुवीर साबडे यांच्याखेरीज कोणी उभे राहिले नव्हते. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण शर्यतीला उतरणारा प्रत्येक घोडा आधी त्या चौकोनापासून दुडक्या चालीने दूर जाई, वळे, परत येई, आणि साबडे 'धड' किंवा 'लंगडा' यांपैकी एक शब्द उच्चारत. त्यापुढे दाद मागण्याची सोय नव्हती, आणि तशी गरजही कोणाला फारशी वाटली नव्हती.

गेल्या वर्षभरापासून त्या चौकोनाच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर, एक तिवई उभी होती. तिच्यावर नारळाएवढा करडा गोल बसवलेला होता. कागदोपत्री त्याचे नाव 'प्रतिनेत्र'. साबडे मनातल्या मनात त्याला 'आराध्ये' म्हणत.

या नावामागे इतिहास होता. पाच वर्षांपूर्वी साबड्यांसह राज्यातल्या अकरा निष्णात अश्ववैद्यांना केंद्राने प्रत्येकी एक नजरपट्टी दिली होती. कपाळावर बांधायची ही पट्टी, वैद्य घोडा तपासत असताना त्याची नजर क्षणाक्षणाला कुठे जाते याची नोंद घेई, आणि त्याच वेळी मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टी घडते तिथे, काय हालचाल होते तेही टिपून ठेवी. दीड वर्षाच्या नोंदी जमल्यावर अकरांपैकी ज्याची निदाने सर्वांत अचूक ठरली त्याची दृष्टी जशीच्या तशी यंत्रात उतरवण्यात आली. तो कोण, हे कोणालाच, खुद्द त्यालाही, सांगण्यात आले नाही. दात्याची ओळख एका स्वतंत्र गोपन-कक्षाच्या कुलपात होती. यंत्र बनवणाऱ्या डॉ. वैदेही टिपरे यांनाही फक्त 'दाता क्रमांक सात' एवढेच ठाऊक होते.

कुलपाआडच्या गोष्टीविषयी लोकांना खात्री असते, तशी या बाबतीतही होती. सात क्रमांक म्हणजे डॉ. निळकंठ आराध्ये, असे तबेल्यांतून, मालकांच्या दिवाणखान्यांतून आणि केंद्राच्या उपाहारगृहातून सर्रास बोलले जाई. आराध्ये गावोगावच्या पागांतून फिरत घोडे तपासणारा मोकळाढाकळा गृहस्थ. त्याला कोणी विचारले की तो नुसता हसे. नाही म्हणत नसे.

साबडे आणि आराध्ये एकाच वर्गातले, एकाच गुरूचे शिष्य. डॉ. बर्वे निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपली खूर तासायची शिसवी मुठीची सुरी आराध्येला दिली. साबडे त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. तेव्हापासून गेली चौतीस वर्षे त्या सुरीची मूठ त्यांना कुठेही, कधीही, डोळे मिटून रेखाटता आली असती. आराध्ये तिने पेरू कापून खात असे.

आणि आता हा गोल. पाहुण्यांना यंत्र दाखवताना वैदेही पडद्यावर नजरेचा ठिपका फिरताना दाखवी. घोडा दूर जाऊ लागला की ठिपका सरळ त्याच्या कानांवर जाऊन बसे आणि तिथून हलत नसे. निर्णयाच्या आधी तो अर्ध्या क्षणापुरता जमिनीवर उतरे, मग पुन्हा वर.

"पाहिलंत?" वैदेही म्हणायची. ती साबड्यांचीच एकेकाळची विद्यार्थिनी. पण कौतुक करताना तिला त्याचे भान राहत नसे. "हा पायांकडे बघतच नाही. नजर कानांवर रोवलेली, आणि बाकी सगळा घोडा नजरेच्या कडेनं टिपायचा. असा डोळा मी दुसरा पाहिला नाही."

साबड्यांना हे ऐकवत नसे. 'पाय बघू नका, कान बघा' हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षे प्रत्येक तुकडीला शिकवले होते. लंगडा घोडा पुढच्या दुखऱ्या पायावर मान वर झटकतो आणि मागच्या दुखऱ्या पायावर पुठ्ठा, म्हणजे शेपटीकडची मांसल बाजू, उचलतो. जो नुसते खूर बघत बसतो त्याला यांतले काहीच कळत नाही. बर्व्यांनी हे तत्त्व दोघांनाही सांगितले होते, पण ते हट्टाने, एकदाही न मोडता, पाळले कोणी? साबड्यांनी. आराध्ये तर घोड्याभोवती घोटाळत, त्याला थापटत, चाचपत निदान करणारा माणूस. शेवटी त्याने साबड्यांचीच पद्धत उचलली, आणि उचललेल्या मालावर स्वतःचे नाव लावले, असा त्यांचा निष्कर्ष होता. साबड्यांची जमिनीकडे बघण्याची ती अर्ध्या क्षणाची लकबसुद्धा त्याने उचलायची सोडली नव्हती.

पुढच्या महिन्यात प्रमाणन समितीची बैठक होती. प्रतिनेत्राला स्वतंत्रपणे दाखला देण्याचा अधिकार द्यायचा की नाही, हे तिथे ठरणार होते. दिला तर तो पांढरा चौकोन पुसला जाईल, हे साबड्यांना कळत होते. निवृत्ती त्यांना चालली असती. आराध्येच्या डोळ्याने आपली जागा घ्यावी, हे चालले नसते.

अबोली नावाची घोडी आली ती मंगळवारी सकाळी. रविवारी तिची शर्यत होती. तिची निगा राखणारा मोतद्दार सखाहरी तिला धरून होता. हा माणूस बोलायचा कमी आणि घोड्याच्या कानात जास्त. त्याने तिला दुडक्या चालीने दूर नेले, वळवले, परत आणले.

गोल म्हणाला, "धड. खात्री शेकडा सत्त्याण्णव."

साबड्यांनी कानांवर नजर रोवून तिला पुन्हा एकदा दूर जाताना पाहिले. यंत्र चुकलेले असावे ही इच्छा त्यांच्या मनात इतकी उघडी होती की ती त्यांना स्वतःलाच अशास्त्रीय वाटली. पण मान स्थिर होती आणि पुठ्ठे समान होते. त्यांना काहीही सापडले नाही.

"धड," ते म्हणाले. चौकोनाच्या डाव्या बाजूच्या मेजावरचा चहा घ्यायला त्यांनी हात नेला, तो कपाला लागला आणि कप खाली पडून फुटला. हल्ली ही मेजे कोणी नको तिथे ठेवत असे. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या डाव्या नडगीला असलेच एक स्टूल लागले होते.

सखाहरी घोडीला घेऊन गेला नाही. तो उभाच राहिला.

"काय रे?"

"साहेब, रागावणार नसाल तर सांगतो. हिचा ताल चुकतोय."

"मी आत्ता पाहिलं."

"बघू नका," सखाहरी म्हणाला. "पाठ करून उभं ऱ्हावा आन् ऐका."

दुसऱ्या कोणी हे म्हटले असते तर साबड्यांनी त्याला फाटकाबाहेर घालवले असते. पण बाजूलाच तो सत्त्याण्णव टक्के खात्री असलेला गोल होता. त्यांनी पाठ फिरवली. सखाहरीने घोडीला पुन्हा पळवले.

दुडक्या चालीत घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात. त्यामुळे ठोके दोनच ऐकू येतात, आणि धड घोड्याचे दोन्ही ठोके सारख्या वजनाचे असतात. साबड्यांच्या कानांवर येणारे ठोके सारखे नव्हते. एक भरीव होता. दुसरा जरा चोरटा, जणू त्या जोडीतल्या कोणीतरी भार टाकायला कां-कूं केले होते.

त्यांनी उजळणी करावी तसा विचार केला. चोरटा ठोका ज्या जोडीचा, तीत दोनच पाय: पुढचा उजवा आणि मागचा डावा. पुढचा दुखत असता तर मान झटकली असती, आणि मान झटकत नव्हती. राहिला डावा मागचा.

त्यांनी घोडीचा डावा मागचा पाय उचलून मधला सांधा मिनिटभर दुमडून धरला आणि सोडल्या सोडल्या तिला पळवायला लावले. पहिली पाच-सहा पावले ठोका इतका बिघडला की वैदेहीही आपल्या खोलीतून बाहेर आली. मग त्यांनी खुरापासून सुरुवात केली. लंगडण्याचे कारण शोधण्याची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सरळ रीत: खालून वर, एकेक चेता, म्हणजे संवेदनेची नस, बधिर करत जायची, आणि दर वेळी चाल तपासायची. ज्या जागी बधिर केल्यावर लंगडणे थांबते, दुखणे त्या जागी असते. खुराशी बधिर केले, ठोका तसाच. त्याच्या वर केले, तसाच. मधल्या सांध्यात औषध गेले आणि पंधरा मिनिटांनी दोन्ही ठोके सारखे झाले. दुपारी एमआरआयच्या चित्रात सांध्याच्या हाडात केसाएवढी भेग दिसली. रविवारी ती घोडी भरधाव सुटली असती तर तिसऱ्या वळणावर हाड आणि कदाचित जॉकी, दोन्ही मोडले असते.

सखाहरीने अबोलीच्या कपाळावर हात ठेवला.

साबड्यांना मात्र बऱ्याच वर्षांनी भूक लागल्यासारखे वाटत होते. आराध्येचा डोळा चुकला होता. आपल्यालाही ती भेग आधी दिसली नव्हती, ही गोष्ट त्यांच्या मनाच्या दारापर्यंत आली, पण त्यांनी तिला आत घेतले नाही. सकाळचे ऊन तिरपे होते. लंगडणे सौम्य होते. शिवाय शेवटी शोधून काढले ते कोणी?

पुढचे तीन आठवडे त्यांनी यंत्राला वाहिले.

पहिल्याच दिवशी वैदेहीने बचावाचा मुद्दा मांडला. एका घोड्यावरून काय सिद्ध होते? सात क्रमांकाने लंगडे ठरवलेल्या घोड्यांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णवांचे दुखणे एमआरआयमध्ये नेमके सापडले होते. बाकीच्या दहांत कोणीही नव्वदच्या वर नव्हता.

"लंगडे ठरवलेल्यांपैकी," साबडे म्हणाले. "आणि धड ठरवलेल्यांपैकी?"

वैदेहीने तक्ता खाली-वर सरकवला.

"धड घोड्याचा एमआरआय कोण काढतो, वैदेही? कोणीच नाही. म्हणजे त्यानं जे पकडलं तेवढंच तू मोजलंस. त्याच्या हातून जे सुटलं ते तुझ्या तक्त्यात शिरलंच नाही."

तिने मान्य केले. शास्त्र शिकवणाऱ्याला असा क्षण क्वचित मिळतो. साबड्यांनी तो पुरेपूर चाखला. मग त्यांनी गेल्या सहा वर्षांत धावताना पाय मोडलेल्या घोड्यांची यादी मागवली. एकूण तेवीस. त्यांतल्या अकरांचा डावा मागचा पाय मोडला होता. चार पाय असताना एकाच पायाच्या वाट्याला जवळपास निम्मे यावेत, हे नशिबावर ढकलण्यासारखे नव्हते. प्रत्येक अपघाताची चौकशी झाली होती आणि प्रत्येक वेळी दोष मैदानाला दिला गेला होता. यादीत 'शिलेदार' हे नाव होते. त्याचा जॉकी आता काठी घेऊन चालतो. साबड्यांनी ते नाव वाचले आणि पान उलटले. हे बहुतेक अपघात प्रतिनेत्र बसवण्यापूर्वीचे होते, आणि त्या घोड्यांना दाखले कोणी दिले होते हे त्या यादीत लिहिलेले नव्हते. लिहायची गरज नव्हती. दाखले देणारा एकच माणूस होता. पण साबड्यांना त्या वेळी यंत्राचा दोष शोधायचा होता, आणि माणूस जे शोधत असतो तेच मोजतो.

त्यांना सुचलेली युक्ती खरोखर सुंदर होती, हे वैदेहीनेही नंतर कबूल केले. त्यांनी यंत्रालाच घोड्यासारखे तपासायचे ठरवले. खालून वर, एकेक भाग बधिर करत.

प्रतिनेत्राच्या दृश्यक्षेत्राचे त्यांनी वैदेहीकडून बत्तीस तुकडे करवून घेतले. हे तुकडे नजरेच्या ठिपक्याला बांधलेले होते. ठिपका हलला की तेही हलत. मग दर वेळी एकच तुकडा काळा करायचा आणि धड-लंगडे मिळून दोनशे घोड्यांची जुनी चित्रणे यंत्राला दाखवायची. कोणताही तुकडा झाकला की यंत्राची खात्री कुठे ना कुठे घसरे. वरचे झाकले तर कमी, मधले झाकले तर फार. पाचव्या दिवशी ते खालच्या डाव्या कोपऱ्यात पोचले.

तिथले चार तुकडे झाकूनही काहीच बदलले नाही. झाकण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा दशांशापर्यंत एक.

साबड्यांनी तो प्रयोग पुन्हा करायला लावला. मग तिसऱ्यांदा. मग ते खुर्चीत मागे टेकले, आणि वैदेहीला ते हसताना दिसले.

समितीची बैठक शुक्रवारी सकाळी अकरा वाजता भरली. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. घोड्यांतले त्यांना काही कळत नव्हते आणि ते त्या लपवत नव्हत्या. तज्ज्ञ म्हणून आराध्येला बोलावले होते. तो खिडकीशी बसून रुमालावर पेरू कापत होता. शिसवी मूठ उन्हात चमकत होती. साबड्यांनी तिच्याकडे आज प्रथमच सुखाने पाहिले.

त्यांनी अबोलीपासून सुरुवात केली आणि बत्तीस तुकड्यांपाशी येऊन थांबले.

"समजलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "झाकून काही बदललं नाही, हे तर चांगलंच ना?"

"बाई, घोड्याचा पाय बधिर केला की चालीत फरक पडतो, कारण त्या पायातून आधी संवेदना येत होती. पण जी चेता आधीच मेलेली आहे, तिला बधिर करून काय बदलणार? या यंत्राचा तो कोपरा झाकल्यानं फरक पडत नाही, कारण तो कोपरा मुळातच आंधळा आहे."

"मग तिथं काळं का दिसत नाही?"

याचे उत्तर साबड्यांनी मुद्दाम वैदेहीला द्यायला लावले. ती सावकाश बोलली. डोळा नुसता प्रकाश आत घेतो. पाहतो तो मेंदू. मेंदूचा पाहणारा एखादा तुकडा निकामी झाला तर माणसाला तिथे भोक दिसत नाही. शेजारी जे असेल त्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. हिरवळीशेजारी हिरवळ. धड पुठ्ठ्याशेजारी धड पुठ्ठा. प्रतिनेत्राने दात्याची नजर घेतली, तसे हे भरून काढणेही घेतले.

"घोड्याची मान आपण पुढून, मागून, कुठूनही पाहतो," साबडे पुढे म्हणाले. "पण मागच्या पायांची परीक्षा फक्त मागून होते, घोडा दूर जाताना. नजर कानांवर ठेवली की त्याचा डावा पुठ्ठा येतो बरोबर खालच्या डाव्या कोपऱ्यात. एकदा नजर खाली उतरवून सरळ पुठ्ठ्याकडे पाहिलं असतं तर या माणसाला तो दिसला असता. पण त्याला आपल्या पद्धतीचा अभिमान होता. त्यानं नजर पुठ्ठ्यावर उतरवली नाही."

हे वाक्य त्यांनी खिडकीकडे बघून उच्चारले.

"म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही," वैदेही म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "यंत्र अगदी बरोबर आहे. दोष सात क्रमांकात आहे. दोन्ही डोळ्यांना सारखाच कोपरा गेलाय, त्याअर्थी हे डोळ्यांचं नाही, मेंदूचं आहे. बहुधा एखादा बारीक झटका येऊन गेला असणार. त्यांना कळलंही नसेल. आणि एक आला असेल तर दुसरा…"

अध्यक्षबाईंनी गोपन-कक्षाचे नियम उघडले. दात्याच्या प्रकृतीला धोका असल्याचे प्रयोगातून दिसले तर कक्षाने ते दात्याला, आणि फक्त दात्याला, तत्काळ कळवायचे होते. समितीने ठराव लिहिला, तिन्ही सदस्यांनी मंजुरीसाठी बोट टेकवले, आणि तो रवाना झाला.

सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहायचे ठरवले होते, आणि सगळे आराध्येकडे पाहत होते.

साबडे त्याच्या मनगटाकडे पाहत होते. संदेश येतो त्या मनगटपाटीची काच अजून काळी होती. पेरूची फोड तिच्याजवळून तोंडाकडे गेली. आपल्याला दया यायला हवी, हे साबड्यांना कळत होते. ती येईल, ते मनाशी म्हणाले. आधी ती काच उजळू दे.

थरथर झाली ती त्यांच्या स्वतःच्या मनगटावर.

त्यांनी हात मेजाखाली घेतला. संदेश लहान होता. दाता क्रमांक सात, आपल्या दृष्टीसंबंधी एक महत्त्वाची बाब निदर्शनास आली आहे. चोवीस तासांच्या आत मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. ही ओळख आपल्या संमतीशिवाय उघड केली जाणार नाही.

त्यांनी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आला तो 'सात' हा आकडा, आणि अकरा जणांत आपण पहिले होतो, हा विचार झर्रकन एखाद्या उष्ण लाटेसारखा अंगभर पसरला. ती लाट ओसरायच्या आत तिच्यामागोमाग बाकीचे सगळे आले: तीन वेळा करून पाहिलेला प्रयोग, फुटलेला कप, अबोलीचे सारखे दिसलेले पुठ्ठे, आणि काठी घेऊन चालणारा शिलेदारचा जॉकी.

अध्यक्षबाई आराध्येला हळुवारपणे म्हणाल्या, "डॉक्टर, आपण काही बोलायची गरज नाही."

आराध्येने सुरी रुमालात गुंडाळली. प्रतिनेत्राचा अधिकार फेटाळला गेला, बैठक संपली, आणि सगळे उठेपर्यंत साबड्यांनी मेजाखालचा हात वर घेतला नाही.

जिन्यात आराध्येने त्यांना गाठले.

"रघू, तुझं मनगट थरथरलं."

"तुझा गैरसमज आहे."

"मी ती पट्टी तीन आठवड्यांत काढून कपाटात टाकली होती," आराध्ये म्हणाला. "डोकं चढायचं. सांगायची लाज वाटली, म्हणून परत करताना कोणाला बोललो नाही. मी सात नाही, रघू. मी त्या अकरांत धड नाहीच."

साबडे कठड्याला धरून उभे राहिले. "मग इतकी वर्षं हसत काय बसलास? नाही का म्हटलं नाहीस?"

"तुझ्यासमोर लोक मला पहिला म्हणत होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नाही म्हणवेना." आराध्येने रुमालात गुंडाळलेली सुरी काढली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा खिशात घातली. "बर्वे सर ही देताना काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, निळकंठ, तुझ्याकडे हात आहेत, म्हणून ही घे. डोळा रघूकडे आहे, त्याला कशाची गरज नाही. त्या दिवसापासून मी हिच्यानं पेरूच कापतो."

खालच्या पायरीवर उन्हाचा पट्टा पडला होता. साबडे एक पायरी उतरून त्यात थांबले. मग आराध्ये म्हणाला की वरच्या लोकांना जे वाटतेय ते वाटू दे. आपल्यासारख्या फिरत्या माणसाला काय फरक पडतो. पागेतले लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. तो खरेच तसे करील, हे साबड्यांना दिसत होते. आणि आपल्याऐवजी आंधळा ठरण्याचे मोठेपणही त्यालाच मिळेल, हेही.

"वैदेहीला बोलाव," ते म्हणाले. "चालपथावर. तूही ये."

अबोली औषधोपचारासाठी केंद्रातच होती. सखाहरीने तिला आणून, चालपथावर दहा पावलांवर, पाठमोरी उभी केली. साबडे पांढऱ्या चौकोनात उभे राहिले. उजवीकडे तो करडा गोल होता. त्याच्याकडे पाहताना त्यांना पहिल्यांदाच हेवा वाटला नाही, नुसती ओळख पटली. वैदेही आणि आराध्ये मागे थांबले. साबड्यांच्या मनगटावरची उजळलेली काच वैदेहीला दिसावी अशा बेताने त्यांनी बाही वर सरकवली होती.

"आता कोणी बोलू नका," ते म्हणाले. "निदान करतोय."

त्यांनी नजर घोडीच्या कानांवर रोवली. सव्वीस वर्षांच्या सवयीने ती तिथे जाऊन बसली आणि हलली नाही. कान, मान, पाठीचा कणा, उजवा पुठ्ठा, उजवीकडची हिरवळ, सगळे स्वच्छ दिसत होते. डावीकडेही पुठ्ठा होता, तुकतुकीत, उजव्यासारखाच, आणि त्यापलीकडे हिरवळ. कुठे भोक नव्हते, धूसरपणा नव्हता. क्षणभर त्यांना वाटले, यंत्रच चुकले असेल.

"सखाहरी," त्यांनी हाक मारली. "तिच्या डाव्या अंगाला ये. डाव्या पुठ्ठ्यावर हात ठेव."

हिरवळ हलली नाही. पुठ्ठा तसाच मोकळा, उन्हात चमकत राहिला. त्यांनी मनात दहा आकडे मोजले.

"अरे, ठेव ना हात."

"ठेवलाय की, साहेब," डावीकडच्या त्या रिकाम्या हिरवळीतून सखाहरीचा आवाज आला. "केव्हाचा."